आंबिवलीची पुडी

मोठागाव, डोंबिवली पश्चिम
१८ ऑगस्ट २०२५

प्राप्ती,

वर आधी 'प्रिय' लिहिलेलं, मग खोडलं. खाडाखोड दिसतेय तर दिसू दे, नवीन कागद घेणार नाही.

तू व्हॉट्सअ‍ॅपवर ब्लॉक केलंस, इन्स्टावर केलंस, साधा फोन लावला तर एक रिंग वाजून मरतो. पोस्टमनला ब्लॉक करता येत नाही म्हणून हे. बंगळुरूच्या हॉस्टेलचा पत्ता कल्पिताने दिला. तिच्यावर चिडू नकोस. आख्ख्या वर्गात तीच एक माझ्याशी अजून बोलते, आणि तीही कंटाळूनच.

घाबरू नकोस, प्रेमपत्र नाही. काम आहे.

बाबांना कंपवात झालाय. पार्किन्सन्स. एप्रिलमध्ये ठाण्याच्या मेंदूच्या डॉक्टर मॅडमनी सांगितलं. तू पाहिलेले दामाजी कोळी विसर. आता जाळं मांडीवर घेऊन बसतात, सुई हातात, आणि एका गाठीला चहा थंड होतो. चेहरा आधार कार्डावर असतो तसा झालाय. हसत नाहीत, चिडत नाहीत. आई भांडायला जाते तर समोर भांडायला कोणीच नसतं. यंदा नारळी पुनवेला नारळ खाडीत सोडायचा मान त्यांचा होता. हातातून सुटला तो धक्क्यावरच. फुटला.

गोळी चालू आहे. घेतली की अर्धा-पाऊण तास माणूस बरा असतो. पायरी उतरतो, शर्टाची बटणं लावतो. मग परत ठोकळा. मॅडम म्हणतात, आजार इतका नवा असताना गोळीचा जोर इतक्या लवकर ओसरायला नको. दोन-दोनदा विचारलं, दुसरं काही औषध चालू आहे का. मी म्हटलं नाही. दर महिन्याला तेच आणि दर महिन्याला फी घेतात. मला तर वाटतं त्यांनाच काही कळत नाहीये.

म्हणून तुझ्या सेमिनारच्या नोट्स हव्यात. मेंदूच्या पेशी डोपामिन कसं साठवतात आणि कसं सोडतात, तोच विषय होता ना. मी तेव्हा नीट ऐकलं नाही. तू बोलत असताना मी कधीच नीट ऐकलं नाही, मी बघत असायचो. आणि नंतर कॉलेजनेच काढलं मला, त्यामुळे लायब्ररीपण गेली. आता मी बर्फाच्या कारखान्याच्या टेम्पोवर आहे. सकाळी लाद्या टाकायच्या, मासळी बाजारात पोचवायच्या. बोटं सुन्न असतात, म्हणून अक्षर असं.

बाबा तुला एकदाच भेटलेत, पण अजून विचारतात. म्हणजे विचारायचे, बोलत होते तोपर्यंत. 'ती मीठ कमी खानारी पोर.' तुला आठवतंच असेल. मागच्या वर्षी करीचा दिवस, संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी. आई मावशीकडे चेंदणीला गेलेली आणि बाबांनी तुझ्यासाठी स्वतः बोईटाचं कालवण केलेलं. स्वतः पकडलेले मासे, स्वतः साफ केलेले. तू मानपाड्यावरून दोन रिक्षा बदलून आलीस, पहिला घास घेतलास आणि माझ्या कानाशी हळू म्हणालीस, 'प्रणित, वास येतोय रे.'

कोळ्याच्या घरात मग काय मोगऱ्याचा येणार होता का? चाळीस वर्षं मासे हाताळलेल्या माणसाने केलेलं कालवण, आणि आईने भरून दिलेला डबा घेऊन कॉलेजला येणारी मुलगी सांगते वास येतोय. मी तेव्हा जे बोललो ते बोललो. मला तर कसलाच वास आला नव्हता.

नोट्स पाठव. बाकी काही लिहिलं नाहीस तरी चालेल.

प्रणित


९ सप्टेंबर २०२५

प्राप्ती,

पाकीट मिळालं. अकरा पानं झेरॉक्स. पाकीट उलटं करून तीनदा झटकलं, फाडून आतूनही बघितलं. बाकी काही लिहिलं नाहीस तरी चालेल असं मी म्हटलेलं, पण ते तू इतकं मनावर घेशील असं वाटलं नव्हतं.

वाचल्या. टेम्पोत, बर्फ उतरवेपर्यंत. पहिल्यांदा डोक्यावरून गेलं, दुसऱ्यांदा मजा आली, तिसऱ्यांदा राग आला, की हे मला परीक्षेत विचारलं असतं तर आलं असतं.

आईला समजावून सांगितलं. ती खाडीतले निवटी मासे साफ करत बसलेली.

मी म्हटलं, "आई, मेंदूच्या पेशीत आपल्या बर्फाच्या पेट्यांसारख्या बारीक बारीक पेट्या असतात."

"माज्या नाय. माज्या डोक्यात तुजी काळजी हाय, तिलाच जागा पुरत नाय."

"ऐक तर. डोपामिन म्हणून एक माल आहे. हात हलवायचा, पाय उचलायचा, हसायचं, सगळं त्याच्यावर. पेशी तो माल बनवते आणि लगेच पेटीत भरते. पेटीच्या तोंडाशी एक पंप असतो, तो आत ओढून घेतो. हात हलवायचा हुकूम आला की पेटी पेशीच्या काठाला येते, उघडते, माल पलीकडे. मासा पकडून पेटीत टाकला नाही तर काय होतं?"

"कुजंल. आनि एकटा कुजनार नाय, होडी घान करंल."

बघ, तुझी नववी स्लाइड तिने न बघता सांगितली. पेटीबाहेर राहिलेलं डोपामिन सडतं आणि पेशीलाच आतून खातं. मी खूश झालो. पुढे सांगितलं, की हा पंप एकट्या डोपामिनचा नाही. झोपेचा, मनाचा, रक्तदाबाचा, तिन्ही-चारी माल हाच पंप भरतो. आणि पार्किन्सन्समध्ये त्या पेशीच हळूहळू मरतात. हात थरथरायला लागतो तेव्हा निम्म्याहून जास्त गेलेल्या असतात.

आईने सुरी धुतली आणि म्हणाली, "मंग तुज्या बापाच्या होड्याच बुडल्या, का पेट्यांची तोंडं कोनी बंद केली?"

मी उठून पाणी प्यायलो.

तेच तुला विचारायचंय. सहज, अभ्यास म्हणून. तुझ्या सातव्या पानावर रेसर्पिन आहे. ते पंपात जाऊन अडकतं आणि पेट्या रिकाम्या पडतात, असं लिहिलंय. समजा एखाद्याच्या पेट्या अशा रिकाम्या झाल्या. पेशी जिवंत, फक्त पेट्या रिकाम्या. तर त्या परत भरतात का? किती दिवसांनी? वर्ष-दीड वर्ष रिकाम्या राहिल्या तरी? तुझ्या नोट्समध्ये सशांवरचा प्रयोग आहे, सशांचं मला काय करायचंय.

आणि रेसर्पिन म्हणजे गोळीच ना? कारखान्यात बनलेली? की सर्पगंधेच्या मुळीत असतं तेवढ्यानेही होतं? गावाकडे लोक काय काय मुळ्या उगाळून घेतात, त्याला कोणी औषध म्हणत नाही.

तू 'सर्पगंधा' या शब्दाखाली पेन्सिलने रेघ मारलीयस. झेरॉक्सवर मारलीयस, म्हणजे आता मारलीयस. का?

उत्तर पाठव. एक ओळ. शिवी चालेल.

प्रणित


२५ सप्टेंबर २०२५

प्राप्ती,

तू माझ्या बापाला फोन केलास.

मी दोन पत्रं लिहिली, दोन्ही वेळा स्पीड पोस्टच्या रांगेत उभा राहिलो, आणि तू मला एक ओळ न लिहिता सरळ त्यांच्या बटणाच्या फोनवर फोन केलास. तो नंबर तुझ्याकडे अजून आहे हेपण मला माहीत नव्हतं. मला सोडून घरातल्या सगळ्यांशी बोल आता. आमच्या मांजराला फोन घेऊन देतो.

आईने सगळं सांगितलं. तू म्हणालीस, 'काका, ओळखलंत का? मानपाड्याची प्राप्ती.' आणि बाबा म्हणाले, 'मीठ कमी खानारी.' चार महिन्यांत ते कोणाशी दोन शब्दांच्या वर बोलले नव्हते. मग तू विचारलंस, 'काका, झोपेसाठी काय घेता का?' आणि त्यांनी सांगून टाकलं. 'प्रनित पुडी आनतो ना, आंबिवलीशी. आवडाबाईची. दुधातून घेतो.'

झालं. मग तू आईला फोन द्यायला लावलास. काकू, पुडी आणि गोळ्यांची चिठ्ठी दोन्ही घेऊन ठाण्याला जा, मनाने बंद करू नका, रक्तदाब वर उसळू शकतो. आईने तुझं एकेक वाक्य पाठ केलंय. फोन ठेवल्यावर ती माझ्याकडे आली. ओरडली असती तर मीपण ओरडलो असतो. तिने फक्त विचारलं, "तुला ठाव व्हतं?"

आम्ही गेलो ठाण्याला. मॅडमनी पुडी उघडली, बोटावर घेऊन बघितली.

"मी तुम्हाला विचारलं होतं."

"तुम्ही औषध विचारलेलंत."

"मग हे काय आहे?"

"मुळी."

त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, "रोज कोणीतरी मला हेच उत्तर देतं. झाडाचं असलं की औषध नाही, घरी बनवलं की औषध नाही, वैदूने दिलं की औषध नाही. तुम्ही कितवीपर्यंत शिकलात?" मी म्हटलं टीवाय बीएस्सी, अर्धं. त्यांनी पेन खाली ठेवलं. ते पेन ठेवणं मी विसरणार नाही.

आता ऐक. तू मला विचारलंस तर मी खोटं बोलीन म्हणून त्यांना विचारलंस, एवढं मला कळतं. तर आता खरं.

बाबा झोपेत ओरडायचे. हातपाय झाडायचे, जाळ्यात मोठा मासा लागल्यासारखे. आईच्या डोळ्याखाली एकदा काळंनिळं झालं आणि दुसऱ्या दिवशी ती बाजारात पाटी घेऊन बसली तेव्हा आख्ख्या आळीला विषय मिळाला. दामाजी बायकोला मारतो. ज्या माणसाने मला कधी चापट मारली नाही त्याच्याबद्दल. मी दोघांची कॉलर धरली त्या आठवड्यात. मग कोणीतरी झाडपाला देणाऱ्या आवडाबाईचं नाव सांगितलं. आंबिवली स्टेशनपासून चालत जायचं. म्हातारी चांगली आहे, पैसे मागत नाही, द्याल ते घेते. मागच्या वर्षी शिमग्यानंतर पहिली पुडी आणली. बाबा शांत झोपायला लागले. आई नवस फेडून आली. पुढची प्रत्येक पुडी मीच आणली. अठरा महिने.

मग बाबा दिवसापण शांत झाले. आम्हाला वाटलं वय झालं.

आता सेमिनार. तुला वाटतं, आख्ख्या कॉलेजला वाटतं, की तू धनेशबरोबर प्रेझेंटेशन करत होतीस म्हणून माझं डोकं सटकलं. मी तसं वाटू दिलं. बरं वाटायचं तसं. पण झालेलं वेगळंच. पडद्यावर सर्पगंधेचं झाड आलं, खाली मुळीचा फोटो, आणि धनेश हसत म्हणाला, 'आपल्याकडे अजून अडाणी लोक झोपेसाठी हे चाटतात आणि मग हळूहळू पुतळे होतात.' वर्ग हसला. मी सकाळी आंबिवलीवरून सरळ कॉलेजला आलेलो. पुडी माझ्या बॅगेत होती, पायाशी.

मी उठलो. पुढचं तू बघितलंस. प्रोजेक्टर त्याच्या अंगावर मी नाही पाडला, वायर पायात आली. पण कॉलर मी धरली.

म्हणजे मला सेमिनारपासून, या जानेवारीपासून माहीत होतं. किंवा अर्धं माहीत होतं आणि उरलेलं अर्धं मी माहीत करून घेतलं नाही. पुस्तकातली मुळी वेगळी, आवडाबाईची वेगळी, असं रोज स्वतःला सांगायचो. पुडी बंद केली असती तर धनेश बरोबर ठरला असता, आणि आम्ही अडाणी. एवढंच होतं. एवढ्यासाठी आठ महिने मी बापाच्या दुधात ती मुळी ढवळली.

आणि कॉलेजने मला काढलं नाही. सरांनी दोन ओळींची माफी लिहून मागितलेली. मी लिहिली नाही, परत गेलोच नाही.

आता खूश? सगळं आलं कागदावर. मॅडम म्हणाल्या पुडी त्या सांगतील तशी बंद, रक्तदाब रोज मोजायचा, आणि थांबायचं. पेट्या परत भरतील की नाही, ते थांबल्यावरच कळणार.

मला थांबता येत नाही, हे तुला माहितेय.

प्रणित


२७ ऑक्टोबर २०२५

प्राप्ती,

भरल्या.

बाबा हसले. भाऊबीजेला आत्याने ओवाळताना ताम्हनातली सुपारी घरंगळली आणि बाबा हसले, आवाज काढून. आत्या निरांजन हातात घेऊन तशीच उभी. दुसऱ्या दिवशी बाबांनी आईशी भांडण काढलं, सुकटीच्या डब्याला झाकण नीट लावलं नाही म्हणून. अर्धा तास चाललेलं. आई मधेमधे मुद्दाम तेल ओतत होती, विझू नये म्हणून. मग आत जाऊन रडली.

पाय सुटले. बंदरावर एकटे चालत जातात. डावा हात अगदी पहिल्यासारखा. गोळीपण आता जास्त वेळ पुरते, कारण आलेला माल ठेवायला पेट्या आहेत. हे मी मॅडमना सांगितलं तर त्या म्हणाल्या, 'बरोबर.' पहिल्यांदा.

तर आजार नव्हताच. मी पंधरा दिवस हाच हिशोब लावतोय आणि तो बसतो. पंप अडकलेला, पेट्या रिकाम्या, पेशी जिवंत. मुळी बंद, पंप मोकळा, विषय संपला. माझ्यामुळे झालं, पण माझ्यामुळे झालं म्हणूनच सुधारता आलं. आपोआप झालं असतं तर काय करणार होतो? तुला कळतंय का मी काय म्हणतोय? मला गुन्हेगार असणं परवडतं. तो दुसरा आजार परवडत नाही.

उजव्या हाताचा अंगठा अजून हलतो. बसल्या जागी, टीव्ही बघताना, तंबाखू मळल्यासारखा. बाबा तंबाखू खात नाहीत. त्याला थोडा वेळ लागेल, डावा आधी आला, उजवा मागून येईल. मी आईला सांगितलंय त्याच्याकडे बघत बसू नकोस.

तू दर रविवारी बाबांना फोन करतेस ते मला माहीत आहे. मी तेव्हा घरातच असतो, दाराच्या मागे. तू काय बोलतेस ते ऐकू येत नाही, बाबा काय बोलतात तेवढं येतं. मागच्या रविवारी ते म्हणाले, 'नाय गं, पोरगा वायट नाय, नुस्ता तापट हाय, आमच्या होडीच्या पहिल्या इंजिनासारका.' माझी वकिली करत होते म्हणजे तू काहीतरी बोलली असणार. काय बोललीस?

आता तरी फोन उघड. सगळं सांगितलंय. माणूस चुकतो, कबूल करतो, बाप बरा होतो. अजून काय करायचं असतं?

प्रणित


२१ डिसेंबर २०२५

प्राप्ती,

तुला बाबांनी रविवारी सांगितलंच असेल, त्यांच्या पद्धतीने. माझ्या पद्धतीने परत ऐक.

उजवा आला नाही. मागच्या आठवड्यात ठाण्याला गेलेलो. मॅडमनी बाबांची मनगटं फिरवून बघितली, चालायला लावलं. उजवा हात अंगाला चिकटून, डावा झुलतो. मी म्हटलं, पुडी बंद करून तीनच महिने झालेत, अजून सुटेल. त्या म्हणाल्या, "मुळीने झालं असतं तर दोन्ही बाजू सारख्या सुटायला हव्या होत्या." मी म्हटलं, तुम्ही पुस्तकातलं सांगताय. आईने माझ्या पाठीत कोपर मारलं.

मग त्यांनी बाबांना विचारलं, "वास येतो का नीट?"

बाबा गप्प. आधीसारखे नाही, मुद्दाम गप्प.

आईला काय सुचलं देव जाणे. तिच्या पिशवीत चेंदणीच्या मावशीसाठी सुके बोंबील होते. तिने बाबांना डोळे मिटायला सांगितले आणि पुडकं सोडून त्यांच्या नाकाखाली धरलं. आख्खी केबिन भरून गेली. बाहेरची नर्स आत आली, बघून परत गेली, पंखा जोरात झाला. बाबा डोळे मिटून बसलेले.

"काय हाय, सांगा."

बाबा म्हणाले, "तुजा हात."

"हातात काय हाय?"

"काय नाय."

आईने बोंबील हळूच पिशवीत टाकले. तिने ते इतके सावकाश बांधले की मला बघवेना. मॅडमनी विचारलं, कधीपासून. बाबा म्हणाले, "लय दिस झाले. सांगनार कोनाला? कोल्याला वास येत नाय म्हनून सांगू?"

"तरी अंदाजे?"

"करीच्या दिवशी कलालं. पोर जेवाया आलेली. मी दोन दिसाचं बोईट बर्फात ताजं ऱ्हायलं समजून तिला वाडलं. मला कायच नाय आलं. तिनं घास घेतला आनि तिच्या तोंडाकं बगून मला समजलं."

कर जानेवारीत. पुडी शिमग्यानंतर. म्हणजे पुडीच्या आधी. मॅडमनी कागदावर दोन रेघा काढल्या, एक लांब, एक छोटी. लांब रेघ आजाराची. वास येणं आधी थांबतं, झोपेत हातपाय झाडणं आधी येतं, हाताची वेळ खूप नंतर. पेशी तेव्हापासूनच एकेक करून जात होत्या. छोटी रेघ आमच्या पुडीची. उरलेल्या पेशींच्या पेट्या तिने रिकाम्या केल्या, म्हणून जे पाच-सात वर्षांनी दिसलं असतं ते एका वर्षात दिसलं. "छोटी रेघ तुम्ही पुसलीत," त्या म्हणाल्या, "लांब कोणालाच पुसता येत नाही. अजून तरी."

मी विचारलं, पेट्या रिकाम्या होत्या तेवढ्या दिवसांत माल बाहेर सडून आणखी पेशी मेल्या असतील का? माझ्यामुळे? त्या म्हणाल्या, सांगता येत नाही. मी म्हटलं, हो किंवा नाही सांगा. त्या म्हणाल्या, प्रणित, सांगता येत नाही. त्यांनी माझं नाव घेतलं पहिल्यांदा. तू असतीस तर हो किंवा नाही सांगितलं असतंस का? मला वाटतं तूही नसतंस सांगितलं.

बाहेर आल्यावर आईने बाबांना विचारलं, "मला का नाय सांगितलं?" बाबा म्हणाले, "तू बाजारात मासे इकतंस. घरवाल्याला ताजं-शिलं कलत नाय म्हनून लोकांनी तुजी पाटी टाकली असती." मग आम्ही तिघांनी उसाचा रस घेतला. बाबांनी ग्लास डाव्या हातात धरला. सांडला नाही.

आता ते जाळं डाव्या हाताने विणायला शिकतायत. गाठी उलट्या पडतात. मी म्हटलं सोडून द्या, तर म्हणाले, "माशाला काय कलतंय." कामावर जाताना मी सुईत दोरा भरून देतो, आल्यावर किती विणलं ते दाखवतात. परवा वीतभर झालेलं.

दोन ओळींची माफी लिहिली. सरांना दिली, एक प्रत धनेशला दिली. त्याने वाचली, घडी घातली, म्हणाला, "प्रोजेक्टरला पण एक लिही." मला हसू आलं. कॉलर धरावीशी वाटली नाही, म्हणजे वाटली, पण धरली नाही. जूनमध्ये परत फॉर्म भरता येईल म्हणतात. बघू. आवडाबाईकडेही जाऊन आलो. तिला सांगितलं कोणाकोणाला ही पुडी देतेस त्यांना डॉक्टरकडे पाठव. ती म्हणाली, तुझ्या बापाला झोप लागत होती की नाही? मी म्हटलं लागत होती. ती म्हणाली, मग. तिच्यापुढे माझी नववी स्लाइड चालली नाही. पुढच्या आठवड्यात आईला घेऊन जातो, आई समजावेल.

फोन उघड असं मी आता म्हणणार नाही. रविवारी बाबांना करत राहा. मी त्या वेळेला बंदरावर जाईन, दाराच्या मागे उभा राहणार नाही. तुझ्या फोननंतर त्यांचा चेहरा बराच वेळ हलता असतो, ते कुठल्या पेटीतून येतं ते तुमच्या नोट्समध्ये नाही.

एकच राहिलं. पहिल्या पत्रात एक वाक्य खोटं लिहिलंय. बाकीची खोटी वाक्यं तू शोधून काढलीस, हे तुला सापडण्यासारखं नाही म्हणून सांगतो. करीच्या दिवशी तू माझ्या कानाशी बोललीस त्याच्या आधीच, बाबांनी टोपावरचं झाकण काढलं तेव्हाच मी त्यांच्याकडे बघितलं. ते कौतुकाने वाढत होते. ते कसं काय वाढतायत हे मला कळेना, आणि विचारायची हिंमत होईना. मग तू बोललीस, आणि मला भांडायला कोणीतरी मिळालं. तू घर सोडून गेलीस, रिक्षाला हात करताना डोळे पुसत होतीस, आणि मी दारात उभा राहून ओरडत होतो की आमच्या घरात वास येतो तर येऊ नकोस.

वास मलाही आलेला.

प्रणित